मधलं अक्षर

१

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सरोजिनीबाईंना एकच गोष्ट बजावली होती. नव्या डोळ्याला लांबचं वाचायची सवय लावा. बाईंनी ती मनावर घेतली. रोज सकाळी आठला दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकायची आणि गल्लीत टांगलेले फ्लेक्सचे डिजिटल बोर्ड मोठ्यानं वाचायचे. शिवाजी पेठेत बोर्डांना काय तोटा! कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, तालमीचा वर्धापनदिन, फुटबॉलचा सामना. गल्ली पुढं उताराला लागते, त्यामुळे आडवे बांधलेले बोर्ड गॅलरीतून पायऱ्यांसारखे एकाखाली एक दिसायचे. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई. वाचायचीही तशीच, एकेक अक्षर सुटं करून, समोर साठ पोरं बसल्यासारखी.

त्यांची मुलगी मैथिली आत चहा टाकता टाकता ऐकायची. आईचा डोळा सुधारतोय याचं समाधान होतंच, पण त्याहून मोठं सुख म्हणजे आई जी अक्षरं वाचत होती ती मैथिलीची होती.

मैथिली फॉन्ट करायची. बारा वर्षं पुण्यात नोकरी करून, वडील गेल्यावर ती आईजवळ राहायला आली. मग गडहिंग्लजच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून तिला लाकडी अक्षरांची पेटी मिळाली. कुस्तीच्या मैदानांची पोस्टरं छापायची वीतभर अक्षरं होती ती, कुणीतरी हातानं कोरलेली. जाडजूड, जराशी तिरपागडी, आणि प्रत्येक दांडीच्या बुडाला विटेसारखा चौकोनी पाय. मांडी थोपटून, पाय रोवून उभा राहिलेला पैलवान जसा. त्या अक्षरांवरून तिनं फॉन्ट केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘शड्डू’. कोल्हापूरनं तो डोक्यावर घेतला. मिसळवाले, व्यायामशाळा, डेअऱ्या, फुटबॉल संघ, सगळ्यांना शड्डूच पाहिजे. गल्लीतल्या पाचच्या पाच बोर्डांवर तोच होता.

मार्चातल्या एका सकाळी आई वाचत होती, “राजवीर यांना वाढदिवसाच्या हार्दिक…” आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तिथंच थांबली.

“मैथिली, ‘हार्दिक’च्या पुढं कुठलं अक्षर आहे गं?”

मैथिली चहा घेऊन बाहेर आली. “शुभेच्छा.”

“ते कळलं मला. त्याच्या आधी. मधलं.”

“मधे काही नाही, आई. मोकळी जागा आहे.”

आईनं डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. मुलानं चुकीचं उत्तर दिल्यावर हलवायची तशी.

२

डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे. कधी कधी ऑपरेशननंतर डोळ्यापुढं काळे ठिपके तरंगतात, जातील हळूहळू. मैथिलीला हायसं वाटलं. आईला नाही.

“ठिपके डोळ्याबरोबर फिरतात,” रिक्षात आई म्हणाली. “हे फिरत नाही. हे उभं आहे.”

घरी आल्यावर मैथिलीनं शड्डूमध्ये दोन ओळी टाकून साध्या कागदावर छापल्या आणि आईपुढं धरल्या. आईनं ऑपरेशन न झालेल्या डोळ्यावर तळहात ठेवला. सगळं घडाघडा वाचलं, पण दोन शब्दांच्या मधे दर वेळी अडली. तिचं बोट तिथं टेकायचं, थोडं वर जायचं, वळायचं आणि परत फिरायचं. त्या कोऱ्या जागेत काहीतरी गिरवल्यासारखं.

मैथिलीनं मग त्याच ओळी दुसऱ्या फॉन्टमध्ये छापल्या. आईनं न अडखळता वाचल्या.

“बघ,” आई म्हणाली. “हे येतंय मला. तुझ्यातलंच एक येत नाही.”

तिच्या आवाजात भीती नव्हती, लाज होती. मैथिलीला तेच जास्त लागलं. दोनेक हजार पोरांना जिनं लिहायला शिकवलं, त्या बाईला एक अक्षर येत नव्हतं. आईनं कपाटातून एक जुनी वही काढली आणि दुपारभर पेन हातात धरून बसली.

“सोड ना गं,” मैथिली म्हणाली.

“येत नाही म्हणून सोडायचं, असं मी कुणाला शिकवलं नाही.”

३

कोपऱ्यावर कृष्णातचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. तो गडमुडशिंगीहून रोज मोटरसायकलवर यायचा आणि दिवसभर मशिनीच्या वर आवाज चढवून बोलायचा. मैथिली दिसली की हाक ठरलेली. “या की ताई, काय म्हंतोय शड्डू?” त्या दिवशी मात्र त्यानं हाक मारली ती तक्रारीची.

“ताई, तुमचा शड्डू लय जागा खायला लागलाय बगा.”

“म्हणजे?”

“ह्यो बगा, वीस फुटाचा बोर्ड. फाईलीत बराबर बसतोय. छापून आला की शेवटचं अक्षर बाहीर. मधली जागाच फुगतीया. मी कायबी केलं न्हाय, आईशप्पथ. फाईल आली तशी मशिनीवर सोडली.”

मैथिलीनं टेप मागितली. संगणकावर दोन शब्दांमधलं अंतर नऊ इंच होतं. छापलेल्या फ्लेक्सवर चौदा भरलं. तिनं फाईल तपासली, फॉन्ट काढून पुन्हा टाकला, दुसऱ्या संगणकावरून पाठवून पाहिला. फॉन्टच्या आत अंतरांची कोष्टकं असतात, त्यांतला एखादा आकडा चुकला असणार. तिनं घरी बसून तीन दिवस सगळे आकडे चाळले. एकही चुकलेला नव्हता. चौथ्या दिवशी कृष्णातनं छापलेल्या बोर्डावर अंतर भरलं एकोणीस इंच.

“माझं एका अर्थी बरंच झालंय,” कृष्णात म्हणाला. “वाऱ्यानं फ्लेक्स फाटू नये म्हणून भोकं मारावी लागत्यात न्हवं? आता त्या मोकळ्या जागंत मारतोय. अक्षर तुटत न्हाय. हितल्या पाची बोर्डांना तितंच मारलीत.”

एकोणीस इंच. चालत घरी येताना मैथिलीनं उगाचच दोन्ही हात खांद्यांच्या रुंदीएवढे धरून पाहिले, आणि कुणी बघायच्या आत खाली सोडले.

४

गडहिंग्लजची एसटी तिनं सकाळीच पकडली. छापखान्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे आक्का म्हणायचे, सोप्यात पावटा सोलत बसल्या होत्या. सत्तरीपुढच्या, कान तिखट, नजर त्याहून तिखट.

“बस की. च्या घेशील न्हवं?”

मैथिलीनं जुनी पोस्टरं बघायला मागितली. आक्कांनी ट्रंकेतून एक गुंडाळी काढून दिली. पिवळी पडलेली, कडा झडलेली कुस्त्यांची पोस्टरं होती ती. अक्षरं तीच होती, ठणठणीत पायांवर उभी. पण पोस्टरं तिनं पहिल्यांदाच बघितली होती. पेटी नेताना तिनं फक्त पेटी नेली होती.

कुठंही मोकळी जागा नव्हती. दर दोन शब्दांच्या मधे काहीतरी ठासलेलं होतं. फूल, चांदणी, बोट दाखवणारा हात. नावाच्या आणि आडनावाच्या मधेसुद्धा एक छोटं कमळ.

“ही फुलं का घालायचे, आक्का?”

“आमचा जुळारी, खिळं जुळवनारा, त्यो घालायचा. अक्षरं त्यानंच कोरल्याली.”

“शोभेला?”

आक्कांनी एक शेंग मोडली. “शोभंला कशाला? रिकामी जागा सोडायची न्हाय, म्हनायचा. ह्या अक्षरांच्यात न्हाय सोडायची.”

“पण का?”

“ते त्याला इचारलं न्हाय कुनी. मालकांनी एकदा घाईत न घालता छापलं. दुसऱ्या दिवशी ह्यो मानूस पोस्टरं फाडत साऱ्या गावभर फिरला. त्येवडं मला म्हाईत.” मग त्यांचे हात थांबले. “तू फुलं घेतली न्हाईस व्हय?”

“नाही. पेटीत होती, पण मला वाटलं… जुनाट दिसतील.”

आक्कांनी हातातली शेंग तशीच पाटीत टाकली. बाहेर उसाची एक ट्रॉली कुरकुरत गेली.

“कुनी वाचलं काय ते?” त्यांनी विचारलं.

‘काय वाचलं?’ असं मैथिलीनं विचारायला हवं होतं. तिनं ते विचारलं नाही, हे तिच्या स्वतःच्याच नंतर लक्षात आलं. ती म्हणाली, “माझी आई प्रयत्न करतेय. रोज सकाळी बोर्डांपुढं बसून.”

आक्कांनी पावट्याची पाटी बाजूला सारली. “ऊठ. गाडी हाय दीडची. आईला बोर्डापुढनं उठीव.”

बसमधून तिनं आईला फोन केला. आई म्हणाली, “बरं, नाही बसत.” कृष्णातला फोन केला. तो म्हणाला, “बोर्ड उद्या सकाळी उतरवतो, आज शिडी गुतल्या.” खिडकीतून वारा येत होता, शेतं मागं पडत होती आणि मैथिलीला स्वतःचीच थोडी शरम वाटत होती. डिझाइनची पदवी, बारा वर्षांचा अनुभव, आणि एका म्हातारीच्या बोलण्यावरून आपण पळत सुटलोय. संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं फॉन्टमध्ये एक फूल बसवायला घेतलं. तेवढं तरी करावं.

५

सकाळी जाग आली तेव्हा आईचं अंथरूण घडी घातलेलं होतं. गॅलरीतून आवाज येत होता.

“…यांना. वाढदिवसाच्या. हार्दिक.” मग शांतता. मग पुन्हा, “हार्दिक.”

मैथिली धावत बाहेर गेली. आई खुर्चीत पुढं वाकून बसली होती. चेहरा उजळलेला. कुणाची तरी वाट बघून बघून शेवटी ते दिसावं, तसा.

“आई, तू बसणार नव्हतीस.”

“आज नीट दिसतंय गं. पाय आहेत त्याला. तुझ्या अक्षरांना असतात तसेच.”

“आत चल.”

“उभ्यानं नाही दिसायचं तुला. इथं बस, माझ्या जागी.”

आईनं उठून तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. आई ठेंगणी, खुर्चीही बुटकी. मैथिलीनं मान आईइतकी खाली आणली, आणि तिला कळलं, की आजवर ती रोज याच गॅलरीत उभी राहून वेगळीच गल्ली बघत आली होती.

पाच बोर्डांतली पाच भोकं एका रेषेत आली होती. उतारामुळे एकाखाली एक टांगलेले बोर्ड, आणि एका दारातून दुसरं दार दिसावं तशी भोकातून भोकं, लहान लहान होत गेलेली. सगळ्यांत शेवटच्या भोकातून गल्लीच्या टोकाचा रस्ता दिसत होता. ऊन पडलं होतं. डांबर चमकत होतं.

त्या डांबरावर दोन चौकोनी काळे पाय होते.

सावली असेल, असं तिला वाटलं. कशाची सावली, ते तिनं शोधायला सुरुवात केली. खांब? पाण्याची टाकी? वर काय आहे ते भोकाच्या कडेनं कापलं गेलं होतं. तेवढ्यात एक बाई स्कूटरवरून खालच्या बाजूनं आली. तिचं लक्ष समोर नव्हतं, दुकानांच्या पाट्या बघत चालली होती. पण त्या जागेजवळ आल्यावर तिनं हँडल किंचित वळवलं, वळसा घातला आणि पुन्हा सरळ झाली. रस्त्यात कुणी उभं असलं की आपण न बघताही घालतो तसा.

मैथिलीनं पापणी मिटली, उघडली. पाय आता शेवटच्या बोर्डाच्या अलीकडे होते.

६

ती जिना कसा उतरली ते तिला आठवत नाही. कृष्णात नुकतंच शटर वर करत होता.

“आत्ताच्या आत्ता उतरव. सगळे.”

तिचा चेहरा बघून तो पुढं काही बोलला नाही. शिडी काढली आणि खालच्या बाजूनं सुरुवात केली. एकेक दोरी कापली जात होती, एकेक बोर्ड खाली कोसळत होता. मैथिली रस्त्याच्या मधोमध उभी होती. रस्ता रिकामा होता. फुलवाला, दूधवाला, शाळेच्या रिक्षा. सगळं जिथल्या तिथं.

दुसरा बोर्ड उतरवताना कृष्णात शिडीवरच थबकला.

“ताई, हे कुनी केलं?”

“काय?”

“भोक अर्धगोल कापून त्येची झडप मी कायम पल्याडच्या अंगाला दुमडतोय. वारं आपल्याकडनं तिकडं जातंय न्हवं गल्लीत. ही बगा.” त्यानं प्लास्टिकचा तुकडा धरून दाखवला. तो घराच्या बाजूला ताणून बाहेर आला होता, काहीतरी त्यातून रेटून अलीकडे यावं तसा. कडा लांबल्या होत्या, पांढऱ्या पडल्या होत्या. त्यानं पुढच्या बोर्डाकडे पाहिलं, त्याच्या पुढच्याकडे पाहिलं. “समदी तशीच हायत.”

सगळ्यांत वरचा, घराच्या अगदी समोरचा बोर्ड अजून टांगलेला होता. त्याचीही झडप अलीकडे आलेली होती.

मैथिलीनं वर पाहिलं. गॅलरीत खुर्ची होती. खुर्चीत आई नव्हती.

दार उघडंच होतं. आई खोलीत टेबलाशी उभी होती, पाठ दाराकडे, पुढ्यात वही. पंखा गरगरत होता, शेजाऱ्यांकडे कुकर शिट्टीला आला होता, खाली कृष्णात कुणाला तरी ओरडून शिडी धरायला सांगत होता.

“आई?”

आई वळली. पहिल्या नंबरानं आलेल्या मुलीसारखा चेहरा झाला होता तिचा.

“आलं गं मला,” ती म्हणाली. “ऐक.”

तिनं ओठ उघडले. ओठांचा काहीतरी आकार झाला, जीभ टाळ्याला लागली. आणि पंख्याचा आवाज बंद झाला. पंखा फिरत होता, मैथिलीला दिसत होता, पण आवाज नव्हता. कुकर नाही, कृष्णात नाही, गल्ली नाही. मैथिलीच्या स्वतःच्या छातीतली धडधडसुद्धा नाही. तेवढ्याच वेळापुरतं सगळं कुणीतरी खोडून काढल्यासारखं. मग आईनं ओठ मिटले आणि कुकरची शिट्टी अर्ध्यातून सुरू झाली.

मैथिलीनं वहीकडे पाहिलं नाही. ती तशीच मिटली, कृष्णातच्या दुकानामागं नेऊन जाळली आणि पूर्ण राख होईपर्यंत तिथं उभी राहिली.

७

आई वाचली, पण तिचं वाचणं गेलं.

ते दुसऱ्या दिवशीच कळलं. वर्तमानपत्र हातात घेतलं आणि ती नुसती बघत राहिली. ‘अ’ ओळखता येईना, स्वतःचं नाव ओळखता येईना. बोलणं स्वच्छ, चालणं स्वच्छ, स्वयंपाक, देवपूजा, शेजारणीशी गप्पा, सगळं पूर्वीसारखं. मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि एक बारीकसा डाग दाखवला. असा छोटा झटका येऊन जातो, म्हणाले, कधी कधी नेमकं वाचणंच जातं. मैथिलीनं त्या डागाकडे कृतज्ञतेनं पाहिलं. डाग म्हणजे कारण होतं. रात्री झोप लागायला माणसाला कारण पुरतं.

फक्त एक गोष्ट तिनं डॉक्टरांना सांगितली नाही. आई रोज सकाळी पेपर उघडायची आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचायची. आवाज न करता. अक्षरं सगळी गेली होती, एक सोडून. ती पानभर तेच वाचायची. तेवढा वेळ घरातलं घड्याळसुद्धा टिकटिक करायचं नाही.

मैथिलीनं शड्डू मागं घेतला. ज्यांनी विकत घेतला होता त्या सगळ्यांना फुलांसकट नवा फॉन्ट फुकट पाठवला आणि जुना काढून टाका, अशी विनवणी केली. काहींनी ऐकलं. काहींचं उत्तर आलं, की फुलांनी मजा जाते हो, आहे तोच बरा. एकदा सांगलीच्या रस्त्यावर तिला जुन्या शड्डूतला एक बोर्ड दिसला. ती मान वळवून पुढं गेली.

पावसाळा संपत आला तेव्हा तिनं ठरवलं, की आपणच आईला शिकवायचं. वाचणं परत येऊ शकतं, डॉक्टर म्हणाले होते, लहान मुलासारखं पहिल्यापासून सुरू करा. तिनं पाटी आणली, पेन्सिलीचा डबा आणला. सकाळी खिडकीपाशी सतरंजी घालून दोघी समोरासमोर बसल्या. मैथिलीनं मोठ्ठा ‘अ’ काढला.

“हा अ, आई. म्हण.”

आईनं पाटीकडे पाहिलं. मग मैथिलीकडे. तिच्या नजरेत कसलाही वेडेपणा नव्हता. खूप माया होती आणि थोडी कीव. वर्गात मागं पडलेल्या पोराबद्दल तिला नेहमी वाटायची तशी.

“असं नाही गं,” ती म्हणाली. “चुकतंय तुझं. थांब.”

तिनं पदरानं पाटी पुसली. उठून मैथिलीच्या मागं येऊन बसली, तिच्या खांद्यावरून हात पुढं घातला आणि पेन्सिल धरलेलं तिचं मनगट आपल्या मुठीत घेतलं. हात उबदार होता. त्याला खोबरेल तेलाचा वास होता.

“आई, नको.”

“घाबरायचं नाही. हात सैल सोड. मी आहे ना.”

हात झिडकारणं सोपं होतं. सत्तर वर्षांच्या बाईची मूठ ती. पण याच मुठीनं मैथिलीनं आयुष्यातलं पहिलं अक्षर काढलं होतं, आणि सहा महिन्यांत आईच्या चेहऱ्यावर असं समाधान तिनं बघितलं नव्हतं. तिनं डोळे मिटून घेतले. निदान बघायचं तरी नाही.

पेन्सिल वरून खाली आली. वळली. थोडी वर गेली आणि परत फिरली. पाटीवर पेन्सिल घासल्याचा कुर्र आवाज यायला हवा होता. तो आला नाही. रस्ता गेला, पंखा गेला, मैथिलीचा श्वास गेला. त्या शांततेत दोघींचा हात कितीतरी वेळ फिरत राहिला. मग सगळे आवाज एकदम परत आले आणि तिच्या कानाशी आई म्हणाली, “शाब्बास. आता पाय काढ त्याला.”

आईनं मनगट सोडलं.

मैथिलीचा हात थांबला नाही.